सेकंडहँड शुअरफायर ६पी : एक हंगाम शेतात वापरल्यावर

आधीच सांगतो, रोज रात्री मोटार चालू करायला जाण्यापुरती टॉर्च हवी असेल तर ही घेऊ नका. दोन-तीनशे लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं माप) चार्जिंगचा हेडलॅम्प घ्या. हात मोकळे राहतात अन् पैसेही वाचतात. हे लिहितोय ते टॉर्चचं वेड असलेल्यांसाठी, जे जुन्या मॉडेलच्या जाहिराती बघत बसतात आणि ‘कंपनीने बंद केलेली वस्तू घेऊन अडकायला नको’ म्हणून थांबतात.

शुअरफायर ही कॅलिफोर्नियातली कंपनी, आणि ६पी हे तिचं सगळ्यात गाजलेलं जुनं मॉडेल. ॲल्युमिनियमची वीतभरसुद्धा नसलेली नळी, आत सीआर१२३ए जातीचे दोन लिथियम सेल, मिळून ६ व्होल्ट, आणि झेनॉन भरलेला तारेचा बल्ब. उजेड ६५ लुमेन, तोही साधारण तासभर. आज बाजारात दोनशे रुपयांच्या टॉर्चच्या खोक्यावर याच्या दसपट आकडा छापलेला असतो. मी पुण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून साडेतीन हजारांना मागवली तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न हाच होता, “एवढ्या पैशात एवढीशी बॅटरी? कामून आणली रे?”

आणली ती नळीसाठी. ६पीचं डोकं, धड आणि मागचं टोपण आट्यांवर फिरवून वेगळं होतं. बल्ब, त्याचा परावर्तक आणि स्प्रिंगा हा सगळा एकच नग असतो, त्याला पी६० म्हणतात. डोकं काढायचं, जुना नग उचलायचा, नवा ठेवायचा, झालं. हे माप इतकं रुळलं की दुसऱ्या कंपन्यांनी त्याच मापाचे एलईडी नग काढले, त्याच मापाच्या नळ्याही काढल्या. म्हणून कंपनीने ही टॉर्च काढणं बंद केलं तरी तिच्यात बसणारे नग बनवणारे अजून आहेत. आजची सीलबंद चार्जिंगची टॉर्च घ्या, आतला सेल मेला की बहुतेक वेळा अख्खी टॉर्चच भंगारात जाते.

घेताना मी व्हिडिओ कॉलवर तीन गोष्टी बघितल्या. टोपण पूर्ण काढायला लावून आट्या जवळून दाखवायला सांगितल्या, कारण ॲल्युमिनियमच्या आट्या एकदा झिजल्या की त्याला इलाज नाही. मग नळीच्या आत उजेड टाकून सेल गळल्याचा पांढरा-हिरवा थर आहे का ते बघितलं. शेवटी टोपण अर्धवट सैल करून बटण दाबायला लावलं. लॉकआउटचं टोपण असेल तर त्या जागी टॉर्च लागत नाही, म्हणजे पिशवीत बटण दाबलं गेलं तरी सेल जळत नाहीत. बाहेरचे ओरखडे मी मोजले नाहीत. साध्या ६पीचा काळा रंग टाइप २ ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेने चढवलेल्या पातळ लेपाचा, तो कडांना उडणारच. कडक टाइप ३ चा लेप हवा असेल तर त्यांचंच सी२ मॉडेल शोधा, पण त्याचा भाव जास्त सांगतात. ओ-रिंगा, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, मात्र टॉर्च आल्या आल्या बदलल्या आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं.

आता सेल, कारण मराठवाड्यात या टॉर्चचं सगळं घोडं इथेच अडतं. सीआर१२३ए किराणा दुकानात मिळत नाही. रिळाच्या कॅमेऱ्यांत हा सेल असायचा, त्यामुळे जुन्या फोटो स्टुडिओवाल्याला नाव सांगितलं तर तो ओळखतो, पण ठेवत नाही. ऑनलाइन मागवावा लागतो. एका सेलच्या किमतीत पेन्सिल सेलचं पाकीट येतं आणि जोडी तासाभरात संपते. जमेची बाजू एकच, न वापरता पडून राहिला तर दहा वर्षं टिकतो.

दोन सेल कायम एकाच कंपनीचे, एकाच वेळी उघडलेले टाका. एक ताजा, एक अर्धा वापरलेला अशी जोडी बंद नळीत घातली तर ताजा सेल कमजोर सेलला उलटा ढकलतो, तो तापतो आणि फुटूही शकतो. हा धाक दाखवत नाही, लिथियम सेलचा स्वभावच तसा आहे. दोन्ही सेलचे व्होल्ट सारखे आहेत का ते मोजायला मल्टिमीटर नसेल तर ही टॉर्च घेऊ नका. दुसरं, त्याच आकाराचा १६३४० नावाचा चार्जिंगचा सेल मिळतो आणि विक्रेते ‘चालतो’ म्हणून सांगतात. पूर्ण चार्ज झालेले असे दोन सेल ८.४ व्होल्ट देतात. ६ व्होल्टच्या बल्बची तार तेवढ्यात एकदा लख्ख पेटून तुटते, आणि तो बल्ब आता सहज मिळत नाही.

मूळ बल्बवर काही आठवडे वापरली. आमचं रान पाथरीकडे, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात. रात्रपाळीची लाईट असली की खोडव्याला पाणी रात्रीच द्यावं लागतं. ऊस तुटून गेलेल्या फडात घोट्याएवढं पाचट पडलेलं असतं आणि त्यात घोणस बसली तर ती निळसर पांढऱ्या स्वस्त एलईडीत दिसतच नाही. पाचट राखाडी, माती राखाडी, सापही राखाडी. पांढरा एलईडी म्हणजे निळा उजेड आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर, स्वस्तातल्यात तांबडा रंग फार कमी असतो. तारेच्या बल्बमध्ये सगळे रंग सलग असतात. त्या पिवळट ६५ लुमेनमध्ये सरीच्या तोंडाशी एकदा घोणस दिसली, अंगावरचे तपकिरी ठिपके आणि त्यांच्या काळ्या कडा सुट्या सुट्या, पाचटावर चितारल्यासारख्या. वडिलांच्या डोक्यावरच्या हेडलॅम्पमध्ये तीच जागा नुसती चकचकीत होती. त्यानंतर टॉर्चच्या किमतीचा विषय घरात निघाला नाही.

तरी मूळ बल्बवर शेत चालत नाही. तासाचा उजेड आणि पाळी सहा-सात तासांची, हा हिशोबच बसत नाही. शिवाय तार धक्क्याला नाजूक. मग निचिया २१९बी एलईडीचा पी६० मापाचा नग मागवला, उजेडाची छटा ४५०० केल्विन, म्हणजे स्वस्त एलईडीपेक्षा पिवळसर, आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण, ९० च्या वर. तो ३ ते ९ व्होल्टवर चालतो, म्हणून दोन सीआर१२३ए ऐवजी चार्जिंगचा एकच लांब १७६७० सेल बसतो. तुमच्याकडे पडलेला १८६५० सेल मात्र या नळीत शिरत नाही, तो जाड आहे. काही जण नळी लेथवर आतून कोरून घेतात. जुन्या ६पीवर लेथ लावायचं माझं मन झालं नाही. ज्यांना १८६५०च वापरायचाय त्यांनी सोलारफोर्स एल२ सारखी, पी६० नगच घेणारी पण आतून रुंद नळी जुन्यात बघावी.

एलईडी नगाची एक खोड आहे, तो नळीत सैल बसतो आणि उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाही. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल बोटभर रुंद पट्टीत कापून नगाभोवती गुंडाळली, एकेक वेढा वाढवत, दाबून आत गेला पाहिजे पण कोंबावा लागू नये इतकी. त्याआधी नळी गार आणि नग भाजतोय अशी स्थिती होती, आता दहा मिनिटांत नळीच कोमट लागते, म्हणजे उष्णता योग्य ठिकाणी पोचतेय. मे महिन्यात पूर्ण उजेडावर सलग ठेवली तर हातात धरवत नाही. तेव्हा ती थांबून थांबूनच वापरावी.

त्याला मागचं बटण मात्र फार सोयीचं. दाबलं तोवर उजेड, सोडलं की अंधार, कायम हवी तर टोपण पिळायचं. दारं धरताना सरी भरली का एवढंच बघायचं असतं, क्षणभर दाबून काम होतं आणि अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. फावडं चालवायचं असेल तेव्हा मात्र हेडलॅम्पच. आणि हिचं अंग गुळगुळीत गोल, बांधावर ठेवली की घरंगळते. एकदा चारीत गेली, ओ-रिंगांनी पाणी आत येऊ दिलं नाही. आता मानेला रबराचं जाड कडं चढवलंय.

लांब फेकायला ही टॉर्च नाही. शेजाऱ्याच्या मळ्यातलं रानडुक्कर शोधायचं असेल तर मोठ्या परावर्तकाची घ्या, आणि खोक्यावरचे मीटर वाचताना एवढं ध्यानात ठेवा की टॉर्चच्या मोजमापाच्या २००९ पासूनच्या एफएल१ मानकात ‘अंतर’ म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर, पौर्णिमेच्या चांदण्याइतका, येतो तिथपर्यंत. ३०० मीटर लिहिलं म्हणजे ३०० मीटरवर डुकराचे कान दिसतील असं नाही.

नळी साडेतीन हजार, एलईडी नग, दोन सेल आणि चार्जर धरून सगळं सात हजारांच्या आसपास गेलं. कंपनीने पुढे याच नळीत एलईडीवाली ६पीही काढली होती. ती बल्बवालीच्या भावात मिळाली तर आधी ती उचला, नग पुढे कधीही बदलता येतो. विकणारा टोपण उघडून दाखवायला कां कूं करत असेल तर मात्र त्याच्याशी भाव करायच्या भानगडीत पडू नका.