स्क्रीनवर अडीचशे, रस्त्यावर एकशे दहा

जुनी इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलं की पेट्रोल-डिझेलवर तयार झालेले कान काही कामाचे राहत नाहीत. इंजिनची खरखर ऐकायची सोय नाही, डिपस्टिक ओढून ऑइल बघायची सोय नाही. गाडी नवी असो की पिळून काढलेली, सारखीच गप्प चालते. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. इंदूरच्या देवास नाक्याकडच्या एका सेकंडहँड गाड्यांच्या दुकानानं मला नेमकं इथंच गाठलं. परराज्यांतल्या टॅक्सी कंपन्यांनी काढून टाकलेल्या इलेक्ट्रिक गाड्या घरगुती म्हणून कशा खपवतात ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे तपशिलानं लिहितोय.

आधी हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या गाडीचा विचार झाला होता. जवळच्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक झाल्यापासून आमच्या राजेंद्रनगरच्या कट्ट्यावर प्रत्येकजण स्वतःला टेस्ट ड्रायव्हर समजतो, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचं कागदावरचं ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर, चार्जिंगची कटकट नाही. पण किंमत पाहून हात आखडला. माझं जाणं-येणं विजयनगरपर्यंतचं, घरी स्वतःचं पार्किंग आणि १५ अँपिअरचा पॉइंट. अशा माणसाला जुनी इलेक्ट्रिक परवडते, हा हिशेब मला आजही बरोबर वाटतो.

गाडी होती चार मीटरच्या आतली सेदान, २६ युनिटांच्या बॅटरीची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिचा यात दोष नाही. मीटरवर ३८ हजार किलोमीटर, पूर्ण चार्जला स्क्रीनवर २५० किलोमीटरची रेंज. पाटी हिरवी, त्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे खासगी. "भिया, डॉक्टर साहब की गाडी है, बस क्लिनिक से घर," असं दुकानदार म्हणाला. चालवून बघायला दिली ती विजयनगरच्या गर्दीत, संध्याकाळी. तिथं चाळीसच्या वर कोण जाणार?

पहिला धक्का बायपासवर बसला. गाडी ८० च्या पुढं जाईचना. फोन केला तर उत्तर मिळालं, "इको मोड में होगी." मोड बदलला, तरी ८०. माझा आत्तेभाऊ पीथमपूरला गाड्यांच्याच धंद्यात आहे. तो म्हणाला, "दादा, इको-बिको काही नाही. टॅक्सीला ८० चा स्पीड गव्हर्नर लागतो, तो काढायचा राहिलाय." मग त्यानं मागचं दार उघडलं. चाइल्ड लॉकची खिटी बसवलेलीच नव्हती. २०१९ च्या जुलैपासून टॅक्सीत चाइल्ड लॉक चालत नाही. मागच्या सीटशेजारच्या खांबाच्या प्लास्टिकवर एक गोल बूच होतं, त्याखाली भोक आणि कापलेल्या वायरी. प्रवाशाच्या पॅनिक बटणाची ती जागा. टॅक्सीची पाटी हिरवीच असते, फक्त अक्षरं पिवळी. आरटीओत टॅक्सीची खासगी करून घेतली की अक्षरं पांढरी होतात. यात बेकायदा काही नाही. बेकायदा होते ते डॉक्टरसाहेब.

तरी बॅटरीवर माझा विश्वास होता. मे महिन्यात आईला ओंकारेश्वरला नेलं. जाऊन-येऊन एकशे साठ किलोमीटर, स्क्रीन तर अडीचशे म्हणत होती. येताना बलवाडा सोडलं, एकूण एकशे दहा किलोमीटर झाले होते, आणि घाट लागायच्या आधीच स्क्रीनवर कासव उमटलं, म्हणजे बॅटरी संपत आल्याची खूण. गाडी रांगायला लागली. ऐन उन्हात आईला रस्त्याकडेच्या ढाब्यात बसवून मी टो गाडीवाल्याची वाट बघत होतो. दुकानदाराचं स्पष्टीकरण होतं, "घाट चढे होंगे ना, घाट बैटरी खाता है."

एक तर घाट चढायचा बाकी होता. आणि चढलो असतो तरी किती खाल्लं असतं? इंदूर आणि नर्मदाकाठ यांच्या उंचीत साडेतीनशे मीटरच्या आसपास फरक आहे. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला साधारण दीड युनिट लागतं, म्हणजे दहा-बारा किलोमीटरची रेंज. शिवाय जाताना उतारावर रीजनमुळे, म्हणजे मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते त्यामुळे, थोडं परत मिळालेलं असतं. एकशे साठातले उरलेले पन्नास किलोमीटर घाटाच्या नावावर खपवता येत नाहीत.

आता खरी गोम. स्क्रीनवरचा रेंजचा आकडा हे मोजमाप नसून अंदाज असतो. आधीचे काही किलोमीटर गाडी कशी चालवली त्यावरून तो निघतो. एसी बंद ठेवून, सपाट रस्त्यावर पस्तीस-चाळीसनं फिरवून आणली की थकलेली बॅटरीही ऐटीत मोठा आकडा दाखवते. गिऱ्हाईक यायच्या आधी दुकानात हेच करतात. बॅटरीत खरं किती मावतं ते कळायला वीज मोजणारा साधा सबमीटर पुरतो, हजार रुपयांच्या आतला. आत्तेभावानं तो चार्जिंगच्या पॉइंटआधी जोडला आणि गाडी १० टक्क्यांवरून शंभरपर्यंत भरली. २६ युनिटांची बॅटरी धडधाकट असती तर आत सव्वातेवीसच्या वर गेले असते, आणि चार्जरमध्ये दहा-पंधरा टक्के वाया जातात म्हणून मीटरवर २६-२७ दिसायला हवे होते. दिसले १८. उलटा हिशेब केला तर पूर्ण बॅटरी साडेसतरा युनिटांची उरली होती. जवळपास एक तृतीयांश गेलेली! ही चाचणी एका रात्रीत होते. विकणारा गाडी एक रात्र तुमच्या घरी किंवा त्याच्याच दुकानात मीटरवर लावू देत नसेल, तर तिथूनच परत फिरा.

एवढी कशी गेली ते कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये कळलं. चेसिस नंबर टाकल्यावर शेवटच्या सर्व्हिसची नोंद निघाली: १,१२,००० किलोमीटर. गाडीचा किलोमीटरचा मीटर मागं फिरवलेला. टॅक्सी धंद्यात उभी राहिली की तोटा, म्हणून अशा गाड्या डीसी फास्ट चार्जरवरच भरत राहतात. आपल्याकडच्या उन्हात बॅटरी तशी लवकर म्हातारी होते. कंपन्या बॅटरीला बहुतेक ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यात जे आधी होईल तितकी वॉरंटी देतात, हे विकणारा तोंडपाठ म्हणून दाखवतो. टॅक्सीला अटी वेगळ्या असू शकतात आणि मीटरशी छेडछाड दिसली की दावा फेटाळला जातो, हे तो म्हणून दाखवत नाही. वर्कशॉपची ही नोंद आणि जुन्या विम्याचे कागद पैसे देण्याआधीच मागा. टॅक्सीचा विमा व्यावसायिक वाहनाचा असतो, पॉलिसीवर तसं छापलेलं असतं.

पैशातही हात मारलाच. गाडीचे पावणेसात लाख, वर "नया नियम" म्हणून १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,२१,५००. नियम खरा आहे: डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवर १८ टक्के ठरला. पण तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. समजा गाडी त्यानं सहा लाखांना उचलली असेल, तर ७५ हजारांवरचे १३,५०० एवढाच कर. पक्कं बिल मागितलं तेव्हा हाती आली एक पावती, तिच्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात "जैसी है जहाँ है". १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. या दुकानात ते भिंतीवर नव्हतं, आणि विचारल्यावर साहेब चहा मागवायला उठले.

भांडण केलं. पन्नास हजार परत देतो म्हणाला, बदल्यात तक्रार नाही असं लिहून मागितलं. मी लिहून दिलं नाही. ग्राहक आयोगात पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये आहे आणि दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या हेल्पलाइनवर बोलून मग तक्रार दाखल केली. ती चालू आहे. गाडी इतक्यात सुटेलसं दिसत नाही, तोवर विजयनगरला जाते-येते.

वकिलांनी कागद चाळले तेव्हा पावतीपेक्षा त्यांना व्हॉट्सॲप महत्त्वाचं वाटलं. "३८ हजार जेन्युइन, सिंगल हैंड, प्राइवेट यूज" हा मेसेज दुकानदारानं स्वतःच्या नंबरावरून, मीटरच्या फोटोसकट पाठवलेला आहे. तोंडी सांगितलेलं सगळं तो नाकारतोय. हे नाकारता येत नाहीये. सौदा चालू असताना दुकानदार फोनवरच बोलत राहिला, तर तेच प्रश्न त्याला लिहून पाठवा आणि उत्तर आल्याशिवाय टोकन देऊ नका.