खर्च कमी करण्यासाठी वर्षभर काय काय वापरलं: शिरोलीतल्या एका मशीन शॉपचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचा भाड्याचा गाळा आहे. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं मशीनिंग करून द्यायचं, असं बहुतेक सगळं जॉबवर्क. तीन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, दोन व्हीएमसी म्हणजे उभी सीएनसी मिलिंग मशीनं, एक जुनं रेडियल ड्रिल आणि आठ माणसं. धंदा माझ्या नावावर आहे. ऑफिस आणि पार्ट्या, म्हणजे काम देणाऱ्या कंपन्या, मी बघते, शॉप माझे दीर बघतात. गेल्या वर्षी पीसचे दर जिथल्या तिथे राहिले; वीज, इन्सर्ट (धातू कापणाऱ्या टूलची बदलायची टोकं) आणि टेम्पोचं भाडं मात्र वाढत गेलं. अशा वेळी ज्याला विचारावं तो एकच सांगतो, दोन माणसं कमी करा. आम्ही एकही माणूस कमी केला नाही. त्याऐवजी कमी पैशात मिळणाऱ्या ज्या मदती वर्षभर वापरल्या, त्यांतल्या कोणत्या खरंच उपयोगी पडल्या ते लिहिते. आपल्या भागात आमच्यासारखे शेकडो गाळे आहेत आणि खर्चाची चर्चा पगारापाशी सुरू होऊन पगारापाशीच संपते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो निवृत्त माणसाच्या अनुभवाचा. एका साखर कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून आयुष्य काढलेले एक गृहस्थ आमच्या ओळखीत होते. पूर्ण पगारावर असा माणूस ठेवणं आम्हाला जमलंच नसतं. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-अर्धा दिवस, फेरीमागे ठरलेले पैसे आणि पेट्रोल, असं बोलणं झालं. शॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिल्या फेरीत त्यांनी एकाही मशीनला हात लावला नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीनं बंद झाल्यावर मशीनना दाबाची हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरशेजारी खुर्ची टाकून, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसले. कुठेच हवा वापरात नव्हती, तरी कंप्रेसर साधारण मिनिटभर लोडवर म्हणजे हवा भरत चालायचा, दोन मिनिटं अनलोड म्हणजे हवा न भरता फिरायचा, पुन्हा लोड घ्यायचा. "ताई, ही हवा न्हवं, लाईटबिल गळतंय," एवढंच ते म्हणाले.

हिशोब सोपा आहे आणि कुठल्याही गाळ्यात फुकट करता येतो. लोडवर चालण्याचा वेळ घ्यायचा आणि त्याला लोड व अनलोड मिळून झालेल्या एकूण वेळाने भागायचं. आमचं उत्तर एक तृतीयांश आलं. म्हणजे कंप्रेसर जेवढी हवा देऊ शकतो तिचा तिसरा हिस्सा काम न करता बाहेर जात होता. कंप्रेसर १० एचपीचा, म्हणजे साडेसात किलोवॉटचा. अनलोडमध्येही मोटर थोडी वीज खातेच, ती वजा केली तरी गळती भरून काढण्यात ताशी दीडएक युनिट जात होतं. दोन शिफ्ट आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर सात हजारांच्या वर युनिटं होतात. सगळे आकार मिळून आम्हाला युनिट दहा रुपयांच्या आसपास पडतं. बाकीचा हिशोब ज्याने त्याने आपल्या बिलावर करावा.

गळती शोधायला मामांनी साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून सगळी लाइन तपासली. सगळ्यात मोठी गळती हवा साठवणाऱ्या रिसीव्हर टाकीखालच्या ऑटो ड्रेनची, म्हणजे साचलेलं पाणी आपोआप सोडणाऱ्या व्हॉल्व्हची निघाली. त्यात गंजाचा कचरा अडकून तो थोडा उघडाच राहिला होता. बाकी क्विक कपलर, एफआरएलचे (हवा गाळून दाब नेमका ठेवणाऱ्या जोडणीचे) बाऊल आणि प्लास्टिकचा पीयू पाइप फिटिंगमध्ये जिथे तिरका कापून घातला होता त्या जागा. पाइप कटरने काटकोनात कापून परत बसवला की निम्म्या जागा तिथेच बंद होतात. मग त्यांनी प्रेशरकडे लक्ष दिलं. आम्ही साडेसात बारवर चालवत होतो, व्हीएमसीला सहाच्या आसपास पुरतं. त्यांनी थोडं-थोडं खाली आणत साडेसहावर ठेवलं. एक बार कमी केलं की कंप्रेसरची वीज साधारण सहा-सात टक्के वाचते. हे मात्र एका झटक्यात करू नका. टूल चेंजच्या वेळी प्रेशर पडलं तर मशीन अलार्मवर जातं, म्हणून प्रत्येक पायरीवर एक-दोन शिफ्ट बघून पुढे जावं. या सगळ्याला सामान काही हजारांचं लागलं. गळती पुन्हा सुरू होतेच, त्यामुळे महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत तीच चाचणी करतो. आता ती आमची पोरंच करतात.

मामांच्या सांगण्यावरून घेतलेली दुसरी वस्तू म्हणजे कूलंट, म्हणजे मशीनिंग करताना जॉबवर सोडायचं तेल-पाणी, तपासायचा रिफ्रॅक्टोमीटर. हातात मावणारं, दुर्बिणीसारखं डोळ्याला लावून बघायचं साधं यंत्र, किंमत दोन हजारांच्या आत-बाहेर. एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचं, आत निळी-पांढरी रेघ कुठे आहे ते वाचायचं आणि कूलंटच्या कंपनीने दिलेल्या गुणकाने गुणायचं. टाकीतलं पाणी उडत जातं आणि तेल मागे राहतं. ऑपरेटर पातळी खाली गेली की अंदाजाने पुन्हा तेल-पाणी ओततो. एका मशीनमध्ये कूलंट नको इतकं घट्ट, दुसऱ्यात इतकं पातळ की जॉबवर गंज धरायचा, हे आम्हाला रीडिंग घेतल्यावरच कळलं. कूलंटचं पिंप आता बरंच जास्त दिवस पुरतं.

इन्सर्टच्या बाबतीत उलटा अनुभव आला, तोही सांगायला हवा. निम्म्या दरातले इन्सर्ट काही महिने वापरून बघितले. धार लवकर बसते, मध्येच साइज सरकते आणि ऑपरेटरचा वेळ ऑफसेट देण्यात, म्हणजे मशीनमधलं माप दुरुस्त करण्यात जातो. इन्सर्टच्या किमतीला त्यावर निघालेल्या चांगल्या पीसने भागलं तर महागडाच स्वस्त पडला. साध्या रफिंगला (सुरुवातीच्या ओबडधोबड कटाईला) मात्र स्वस्त इन्सर्ट अजूनही चालतात.

हिशेबासाठी पूर्णवेळ माणूस ठेवायचा विचार होता. शेवटी बीकॉम झालेली, घरूनच चार-पाच गाळ्यांचं टॅली सांभाळणारी एक मुलगी मिळाली. महिन्याची रक्कम ठरलेली, आठवड्यातून एक फेरी. रिटर्न भरण्याचं काम आधीही सीएकडून व्हायचंच. फरक पडला तो १४ तारखेला जीएसटीआर-२बी (सप्लायरांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची पोर्टलवरची यादी) तयार झाल्यावर ती आमच्या खरेदीची बिलं एकेक करून त्याच्याशी ताडून बघते, यामुळे. ज्या सप्लायरने आपलं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं नाही, त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, आपल्याला मिळत नाही, आपण त्याला जीएसटीसकट पैसे मोजलेले असले तरी. ११ तारखेपर्यंत त्याने जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरला का, हे विचारणारा एक फोन हेच तिचं सगळ्यात मोलाचं काम. २० तारखेच्या रिटर्नआधी हातात सहा दिवस मिळतात. बिलं दाबून ठेवणाऱ्या एका सप्लायरकडून आम्ही माल घेणंच बंद केलं.

आता अडकलेल्या पैशांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्यासारख्यांचा सगळ्यात मोठा खर्च तोच आहे, फक्त तो कुठल्या बिलात दिसत नाही. पार्टी नव्वद-शंभर दिवस पैसे देत नाही, आपण मात्र कॅश क्रेडिटवर, म्हणजे रोजच्या खर्चासाठी बँकेकडून उचललेल्या कर्जावर, व्याज भरत राहतो. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी, आमच्याकडे पहिल्यापासून होती, पण फाइलमध्ये. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली, ती आधार आणि पॅनवर सरकारच्या संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते. कुणी पैसे मागत असेल तर तो खासगी एजंट आहे असं समजा. आम्ही वर्षभरापूर्वी प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि 'सूक्ष्म उद्योग' असं छापायला सुरुवात केली आणि सगळ्या पार्ट्यांना प्रमाणपत्राची प्रत मेल केली.

यामागचं बळ दोन कायद्यांत आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. हे कलम जुनं आहे, पण ते पुढे करून पार्टीशी भांडायची हिंमत लहान माणसाला नसते. खरा फरक पडला तो आयकर कायद्यात आलेल्या ४३बी(एच) मुळे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेले पैसे खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, जेव्हा प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येतात. त्यामुळे मार्च जवळ आला की पार्टीचा सीए स्वतःच आपल्या बाजूने बोलायला लागतो. आमच्या दोन जुन्या पार्ट्यांचं पेमेंट यामुळे सरळ झालं.

सगळ्यांचं झालं असं नाही. एका मोठ्या पार्टीच्या खरेदी विभागाने, "बिलावरचा तो नंबर काढा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल," असं फोनवर सांगितलं. आम्ही नंबर ठेवला. काम कमी झालं, गेलं नाही. प्रत्येकाने आपली ताकद बघूनच ठरवावं, कारण एकाच पार्टीवर निम्मा धंदा असेल तर हा निर्णय फार अवघड आहे. ट्रेडिंगवाल्यांनीही लक्षात ठेवावं, त्यांना उद्यम नोंदणी मिळते पण उशिराच्या पेमेंटचं हे संरक्षण मिळत नाही. उशिराच्या पेमेंटच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे आम्ही अजून गेलेलो नाही. जायची वेळ आलीच तर एक तरतूद माहीत असावी: परिषदेच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी निकालाच्या रकमेपैकी ७५ टक्के भरावे लागतात. नुसती ही ओळ पत्रात घातली तरी पलीकडून उत्तर वेगळं येतं.

ट्रेड्सवरही, म्हणजे थकलेल्या बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवायच्या ऑनलाइन मंचावरही, नाव नोंदवलं आहे. आपलं बिल खरेदीदाराने तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि आपल्याला एक-दोन दिवसांत पैसे मिळतात. व्याजाचा दर खरेदीदाराची पत बघून ठरतो, त्यामुळे तो आमच्या कॅश क्रेडिटपेक्षा कमी पडला, आणि पार्टीने बुडवलं तरी बँक आपल्याकडे मागायला येत नाही. वर्षाला २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता तिथे नोंदणी करणं बंधनकारक आहे. घोडं अडतं ते बिल मान्य करण्यापाशी. नोंदणी केलेली पार्टी बिल मान्य करायला आठवडे लावते, आणि तिथे आपल्या हातात विनंतीपलीकडे काही नाही. त्यामुळे पैकीच्या पैकी गुण देता येत नाहीत, पण एका पार्टीसाठी का होईना, नोंदणीची कटकट वसूल झाली.

शिकाऊ उमेदवाराविषयी. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ घेणं ऐच्छिक आहे आणि आमच्या आकाराच्या गाळ्याला एखादाच मुलगा घेता येतो. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. आम्ही आयटीआय झालेला मशिनिस्ट मुलगा घेतला. स्वस्तात हेल्पर मिळाला म्हणून कुणी या वाटेला जाऊ नये, ते त्या पोरावर अन्याय करणारं आहे. पहिले तीन महिने तो शिकतो, इन्सर्ट मोडतो आणि एका चांगल्या ऑपरेटरचा वेळ त्याच्यामागे जातो. आमच्याकडे चौथ्या-पाचव्या महिन्यापासून तो लेथवर एकट्याने सेटिंग करायला लागला. कोल्हापुरात ऑपरेटर टिकत नाहीत अशी ओरड आहे; घरचा शिकवलेला मुलगा मुदत संपल्यावर राहिला तर त्याच्याएवढा फायदा दुसऱ्या कशात नाही. त्याला नोकरीवर ठेवायचं आम्ही आत्ताच ठरवलं आहे.

झेडचं, म्हणजे लहान उद्योगांच्या दर्जासाठीच्या सरकारी योजनेचं, ब्राँझ प्रमाणपत्रही याच वर्षी घेतलं. सूक्ष्म उद्योगाला त्याच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे, महिलांच्या मालकीच्या उद्योगाला पूर्ण माफी, त्यामुळे आमचा खर्च शून्य. त्यासाठी फोटो काढून, नोंदी लावून द्याव्या लागतात. नवं काम त्यामुळे मिळालं असं म्हणणार नाही, पण शॉपमधली अग्निशामकं आणि वायरिंग एकदाची नीट झाली.

महिन्याला प्रत्येक युजरमागे भाडं घेणारं उत्पादन-नियोजनाचं एक सॉफ्टवेअरही वापरलं. आठ माणसांच्या शॉपला ते जड आहे. ऑपरेटरने पीस मोजून टॅबवर भरायचे आणि आम्ही पुन्हा तेच फलकावर लिहायचं, असं दुहेरी काम होऊ लागलं. आता गुगल शीट आणि भिंतीवरचा पांढरा फलक यावर भागतं. पंधरा-वीस मशीनं आणि तीन शिफ्ट असतील तर कदाचित त्याचा उपयोग होईल.

अनुदान मिळवून देतो, मंजूर रकमेवर इतके टक्के द्या, म्हणणारे बरेच येऊन गेले. त्यांच्याकडे असलेली माहिती जिल्हा उद्योग केंद्रात समोर बसून विचारली तर फुकट मिळते. विचारायला जाताना मशीनचं कोटेशन, तीन वर्षांची रिटर्न आणि उद्यम प्रमाणपत्र एकाच फाइलमध्ये घेऊन जा. शक्यतो सकाळी जा.