पाच स्पीकर, एक सबवूफर आणि मागून बोलणारी सासू

आम्हाला होम थिएटर विकणाऱ्या दुकानाला पाचापैकी दोन तारे. नंतर घरी येऊन सगळं उचकटून नीट लावून दिलं त्या माणसाला साडेचार. अर्धा का कापला ते पुढे सांगते. नावं दोघांचीही लिहीत नाही. एकाचं लिहिलं तर भांडण, दुसऱ्याचं लिहिलं तर त्या बिचाऱ्याचा फोन दिवसभर वाजेल आणि आधीच तो वेळेवर येत नाही.

आमच्या ह्यांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. टीव्ही बारीक झाला तसे त्याचे स्पीकरही बारीक झाले, तेही मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यामुळे संध्याकाळी आमच्याकडे आवाज 40 वर आणि तरी "काय म्हणाली ती?" चालूच. मी पोस्टात काउंटरवर 31 वर्षं काढली, मोठ्याने बोलायची सवय आहे, पण प्रत्येक मालिकेचा प्रत्येक संवाद दुसऱ्यांदा म्हणून दाखवायचा म्हणजे अतीच. मुलगी म्हणाली साउंडबार घ्या, टीव्हीखाली ठेवायची एकच लांबट स्पीकरपट्टी. खरं तर नुसत्या संवादांसाठी चांगला साउंडबार पुरला असता, हे आज मी कबूल करते.

पण घ्यायला निघालो मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात, आणि तिथेच घोटाळा झाला. मी गिरगावातली. 'शोले' लागला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मामाने याच लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा टॉकीजला नेलं होतं. सत्तर एमएमचा पडदा आणि चहूबाजूंनी आवाज. नाणं उडवतात तो प्रसंग आला आणि नाणं पडल्याचा आवाज असा बाजूने आला की मामा खरोखर खुर्चीखाली वाकून बघायला लागला. तो सिनेमा मिनर्व्हात पाच वर्षं चालला, आणि मामाची थट्टा आमच्या घरात त्याहून जास्त चालली. त्याच रस्त्यावर स्पीकर घ्यायला उभी राहिले तर साउंडबार कसला घेणार!

डोंबिवलीहून दादर, तिथून स्लो लोकलने ग्रँट रोड. दुकान चकाचक. आतल्या डेमो-खोलीत गालिचा, जाड पडदे, एसी. विक्रेता मुलगा नम्र होता, पण ऐकवायला त्याच्याकडे दोनच गोष्टी: एक गाड्यांची शर्यत आणि एक लढाई. जमीन हादरली. आमचे हे बाहेर येऊन म्हणाले, "गाडी झकास गेली. पण ड्रायव्हर काय म्हणाला?" मी त्या मुलाला म्हटलं, दोन माणसं स्वयंपाकघरात बसून बोलताहेत असं काहीतरी लाव. नव्हतं त्याच्याकडे. उलट "मॅडम, 7.1 घेऊन टाका, पुढे बघायला नको" सुरू झालं. आमचा हॉल 16 बाय 10 फुटांचा. सात स्पीकर लावले तर माणसांनी बाल्कनीत बसायचं.

शेवटी 5.1 वर थांबलो. यामाहाचा आरएक्स-व्ही385 रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा), पुढे दोन बुकशेल्फ स्पीकर, एक सेंटर म्हणजे मधला स्पीकर, मागे दोन छोटे आणि जाड, घुमणाऱ्या आवाजासाठी दहा इंची सबवूफर. वायर, स्टँड, सगळं धरून 78 हजार आणि "इन्स्टॉलेशन फ्री". रिसीव्हरची पुस्तिका मी नीट वाचली. दोन चॅनेल (म्हणजे स्पीकरांकडे जाणाऱ्या आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा) एका वेळी चालवताना प्रत्येकी 70 वॅट असं तिथे सरळ लिहिलेलं आहे. आठवतं ना, एके काळी टू-इन-वनच्या खोक्यावर हजारो वॅट 'पीएमपीओ', म्हणजे फुगवून सांगितलेली ताकद, छापलेले असायचे? त्या मानाने ही सज्जन माणसं. 70 वॅट आमच्या हॉलला भरपूर होतात. वस्तूंबद्दल माझी आजही काही तक्रार नाही.

तक्रार त्या 'फ्री'ची. शनिवारी दुपारी दोन मुलं आली आणि चाळीस मिनिटांत गेली. मागचे दोन स्पीकर सोफ्यामागच्या भिंतीवर दोन्ही कोपऱ्यांत, पार छताला टेकवले, कारण वायर माळ्यावरून न्यायला सोपी. सबवूफर टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात कोंबला. एक गाणं लावलं, "बरोबर आहे ना काकू?" म्हणाले, सही घेतली.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात भुताटकी होती. मालिकेतली सासू समोरच्या पडद्यावर ओठ हलवायची आणि आवाज मागून, वरून यायचा. हे दोनदा दचकून मागे वळले, "कोण आलं?" सून कुठून बोलते त्याचा पत्ताच लागायचा नाही, नुसती घरभर पसरलेली. सबवूफर असा घुमायचा की खालच्या मजल्यावरच्या वहिनी "गिरण घातली का हो?" विचारायला आल्या. दुकानात फोन केला की "काकू, सेटिंगमध्ये जा" एवढंच उत्तर. कुठल्या सेटिंगमध्ये? तिथे पन्नास आहेत.

मग सोसायटीतल्या एका मुलाने या दुसऱ्या माणसाचा नंबर दिला. घरी येण्याचे तीन हजार. अकराला येतो म्हणाला आणि एकला आला. शिळफाट्याचं ट्रॅफिक मलाही माहीत आहे, पण एक फोन करता येतो. त्यातून नंतर ड्रिल काढून भोकं पाडली ती काहीही न झाकता, सगळा भुसा देव्हाऱ्यावर. तो तुमचा अर्धा तारा.

बाकी मात्र त्याचं काम बघत बसावं असं. सगळ्यात आधी त्याने रिसीव्हरवरचा माझा क्रोशाचा रुमाल काढून माझ्या हातात दिला. "काकू, याला वरून श्वास घ्यायचा असतो." मग वायरचं एक टोक सोलून त्यातल्या तारेवर ब्लेड फिरवली. वरून तांब्याचा रंग, आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुकानाने 'प्युअर कॉपर' म्हणून पैसे लावले होते. चार-पाच मीटरला त्याने फार बिघडत नाही, असं तोच म्हणाला, पण पैसे तांब्याचे दिलेत ना, म्हणून मागायला सांगितलं. मी मागितले. अजून मागतेच आहे.

मग माइक. रिसीव्हरबरोबर एक चपटा, शंखाएवढा माइक येतो. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, घरात चिडीचूप करायची, आणि रिसीव्हर एकेका स्पीकरमधून खरखर काढून कोण किती लांब आहे, किती मोठ्याने बोलतोय ते मोजतो. यामाहावाले याला वायपाओ म्हणतात. आवाज एका सेकंदात साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एक मीटर जवळ असलेला स्पीकर तीन मिलिसेकंद आधी ऐकू येतो. मोजमाप झालं की रिसीव्हर जवळच्याला तेवढं थांबवून धरतो. पहिल्यांदा माझ्या कुकरने मध्येच शिट्टी दिली. दुसऱ्यांदा टीव्हीच्या पडद्यावर आलं, 'डब्ल्यू-1: आउट ऑफ फेज', म्हणजे उलटा जोडलेला, आणि पुढचा डावा स्पीकर दाखवला.

मुलांची करामत ती हीच. वायरच्या दोन दोऱ्यांपैकी एकीवर बारीक लाल रेघ असते. रिसीव्हरला ती लालमध्ये खोचलेली आणि स्पीकरला काळ्यात. मला काही पटेना, एवढ्याने काय होणार? तेव्हा त्याने स्पीकरची जाळी काढली, घड्याळातला पेन्सिल सेल मागितला, वायरची रिसीव्हरकडची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवली, रेघवाली अधिकच्या बाजूला. टप्. स्पीकरचा पडदा आत गेला. उजव्याला तसंच केलं. टप्. पडदा बाहेर आला. बोट लावून बघितलं मी. एक बाहेर ढकलतोय तेव्हा दुसरा आत ओढतोय. मालिका येतात दोनच चॅनेलमध्ये, त्यात बोलणं डाव्या-उजव्यात सारखं असतं आणि दोन्ही जुळले की ते मधून आल्यासारखं वाटतं. इथे एक उलटा. शिवाय दोनाचे पाच करताना रिसीव्हरचा हिशेब असा, की डाव्या-उजव्यात जे एकमेकांच्या उलट असेल ते मागे पाठवायचं. पण वायरीच्या टोकाला काय झालंय ते त्याला कळत नाही. त्याने बोलणं मधल्या सेंटरकडे दिलं ते बरोबरच दिलं...

इथे मी त्याला अडवलं. म्हटलं, मग सासू मागून कशी बोलायची? तो हसला आणि रिसीव्हरचा मोड दाखवला. मुलांनी 'सगळ्या स्पीकरांतून स्टिरिओ' असं काहीतरी लावून ठेवलं होतं, म्हणजे पाचही जण एकदम तेच बोलणार. पुढचे दोघे एकमेकांचं खोडताहेत, आणि मागचे दोन सोफ्याच्या मागच्याच भिंतीवर, सगळ्यात जवळ. कानाला आधी तेच पोचणार. एवढं मला पोस्टातल्या रांगेवरून लगेच कळलं.

आणि खरा संताप पुढेच. टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर होतं. टीव्ही ते रिसीव्हर जी एचडीएमआय एआरसीची केबल जाते, तिच्यातून पीसीएम म्हणजे फक्त दोन चॅनेल. याचा अर्थ दोन महिने आम्ही बघितलेल्या एकाही सिनेमाचे पाच चॅनेल त्या रिसीव्हरपर्यंत पोचलेच नव्हते. 78 हजारांचा सेट दोन स्पीकरांचा टेप होऊन बसला होता. त्याने ते 'ऑटो' केलं, एक सिनेमा लावला, आणि रिसीव्हरच्या पट्टीवर पहिल्यांदा डॉल्बीची अक्षरं उजळली. पाच सेकंदांचं काम.

जागा बदलायला मात्र दोन तास गेले. सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे आला (यावर आमच्या बाई खूष, पहिल्यांदा मागचं झाडता येतंय). नाक टीव्हीकडे केलं तर बाजूचे स्पीकर खांद्यांच्या रेषेच्या किंचित मागे हवेत, मधोमध शून्य धरलं तर 110 अंशांच्या आसपास, आणि कानाच्या फूटभर वर. उजवीकडे भिंत होती, तिथे गिट्टी ठोकून ब्रॅकेट बसला. डावीकडे बाल्कनीची सरकती काच. तिथे कुंडीचा लोखंडी स्टँड कामाला आला, जास्वंद खाली उतरली.

सबवूफरचा प्रकार तर बघण्यासारखा. त्याने तो उचलून चक्क सोफ्यावर ठेवला, माझ्या जागेवर, ढोलाचा एक तुकडा लावला आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगायला लागला, कान जमिनीशी. कोपऱ्यात घुमतं, दारापाशी गायब होतं, कपाटाच्या अलीकडे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. तिथेच त्याची जागा. नेमका तेव्हा इस्त्रीवाला कपडे घेऊन दारात. धट्टाकट्टा माणूस आमच्या हॉलमध्ये रांगतोय आणि सोफ्यावर खोकं बसलंय, हे बघून त्याने पैसेही न मागता कपडे ठेवले आणि गेला. मग 80 हर्ट्झच्या खालचं, म्हणजे जाड आवाजाचं, सगळं सबवूफरकडे, वरचं बाकीच्यांकडे अशी वाटणी करून दिली. खालच्या वहिनी त्यानंतर आलेल्या नाहीत.

शेवटी ह्यांना सोफ्याच्या डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे चांगला कान खोलीकडे, आणि सेंटरचा आवाज तीन डेसिबल वाढवला. संवाद बहुतेक सगळे या मधल्याच स्पीकरमधून येतात, हे दुकानात कोणी सांगितलं असतं तर मी मागच्या दोघांत पैसे कमी घालून सेंटर आणखी चांगला घेतला असता. रात्रीसाठी 'अ‍ॅडॅप्टिव्ह डीआरसी' चालू करून दिलं, त्याने हळू आवाजातही कुजबुज ऐकू येते आणि स्फोट अंगावर येत नाहीत. आता टीव्हीचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक असतो. हे "काय म्हणाली?" विचारत नाहीत, "काय मूर्ख आहे ही!" म्हणतात.

राहिला जुना सेट. 2011 चा, डीव्हीडीवाला. दुकान एक्स्चेंजमध्ये हजार देत होतं. तेच स्पीकर नव्या रिसीव्हरला लावावे असं माझ्या मनात होतं, पण ते निघाले तीन ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आणि रिसीव्हरला किमान सहा लागतात. म्हणून जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर साडेतीन हजाराला टाकला. पहिले नऊ निरोप "लास्ट?" एवढेच. दहावा गृहस्थ न बघता पूर्ण किंमत द्यायला तयार, फक्त मी त्याचा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायचा. 31 वर्षं मनीऑर्डरी मोजल्यात मी! पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं त्याला समजावून सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

घेऊन गेला ठाकुर्लीचा एक सलूनवाला. स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन आला, एक गाणं लावलं, आणि प्रत्येक स्पीकरवर तळहात ठेवून डोळे मिटून उभा राहिला. पाचही ठीक. दोन हजार सातशेला तोडलं. जाताना मी त्याला पेन्सिल सेलची युक्ती करून दाखवली.

परवा त्याचा फोन आला. मला वाटलं, वायरीचं काही विचारतोय. "काकू, आवाज एक नंबर. फक्त रिमोटला ते रबर लावलंय ना, त्याचं मागचं झाकण तुमच्याकडे राहिलं का?" म्हटलं बाळा, ते 2016 पासूनच नाहीये.