नॅनोव्हीएनए एच४: उन्हाळा आणि अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

रेडिओच्या मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.५ दिसतोय म्हणजे अँटेना ठणठणीत, असं मानून चालणाऱ्या प्रत्येक हॅमने (हौशी रेडिओ चालवणाऱ्याने) नॅनोव्हीएनए हे अँटेना आणि केबल मोजणारं छोटं यंत्र (व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर, म्हणून व्हीएनए) एकदा तरी हातात घ्यावं, असं माझं आता ठाम मत झालंय. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांच्यामधल्या जागेत माझे दोन अँटेना आहेत, एक ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती तार, आणि एक २ मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) व्हर्टिकल, म्हणजे उभा दांडा. उन्हाळ्यापासून पाऊस सरेपर्यंत दोन्हींवर हा व्हीएनए सतत वापरला. मित्रांच्या गच्च्याही पालथ्या घातल्या. त्या सगळ्या वापरावरून लिहितोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. याचं मूळ डिझाइन ईडीवाय५५५ (edy555) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी डिझायनरचं. त्याने ते खुलं ठेवलं आणि २०१९ च्या सुमारास चीनमधून तयार यंत्रं स्वस्तात मिळायला लागली. एच४ म्हणजे चार इंची स्क्रीनवाला अवतार, १.५ गिगाहर्ट्झपर्यंत चालणारा. त्यातही ३०० मेगाहर्ट्झपर्यंत तो मूळ सिग्नलवर मोजतो, पुढे हार्मोनिकवर, म्हणजे त्या सिग्नलच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीवर. त्यामुळे एचएफ (शॉर्टवेव्ह) आणि २ मीटरवर ट्रेस, म्हणजे स्क्रीनवरची रेघ, स्वच्छ येतो, ७० सेंटीमीटर बँडवर पुरेसा बरा, आणि एक गिगाहर्ट्झच्या पुढे गवत उगवल्यासारखा. लहान २.८ इंचीपेक्षा एच४ घ्या. गच्चीवर उभं राहून मेन्यूत बोट घालायचं असतं तेव्हा त्या मोठ्या स्क्रीनचे पैसे वसूल होतात.

सगळ्यात आधी कॅलिब्रेशन. बरेच जण यंत्र बॉक्समधून काढून थेट अँटेनाला लावतात, आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून यंत्राला नावं ठेवतात. ज्या टोकाला अँटेना जोडणार त्याच टोकाला ओपन, शॉर्ट आणि लोड (उघडं टोक, शॉर्ट केलेलं टोक आणि ५० ओहमचा रोध) लावून कॅलिब्रेट करायचं. मध्ये एक फुटाची जम्पर (छोटी जोडकेबल) असेल तर जम्परच्या टोकाला. तरच यंत्राच्या दृष्टीने ती जम्पर नाहीशी होते. नुसता अँटेना बघायचा असेल तर या तीन पायऱ्या पुरतात. फ्रिक्वेन्सीची रेंज बदलली की पुन्हा करा. स्क्रीनच्या कडेला मोठा सी होता तो लहान झाला, म्हणजे यंत्र आता जुन्या कॅलिब्रेशनवरून मधले आकडे अंदाजाने भरतंय. ढोबळ पाहणीला ते चालतं, तार कापायला घेताना चालत नाही. मी ४० मीटर, २ मीटर आणि पूर्ण रेंज अशी तीन कॅलिब्रेशन्स मेमरीत ठेवली आहेत.

आता ४० मीटर. १४३ भागिले मेगाहर्ट्झ या सूत्राने ७.१ साठी एकूण तार २० मीटरच्या थोडी वर येते. मी प्रत्येक बाजू मुद्दाम लांब, १०.४ मीटर ठेवली होती. पहिल्या स्वीपमध्ये (फ्रिक्वेन्सी फिरवून घेतलेल्या मापात) खड्डा, म्हणजे एसडब्ल्यूआर सर्वात कमी असलेली जागा, ६.८५ च्या आसपास दिसला, म्हणजे आपल्या ७.० ते ७.२ च्या बँडच्या बाहेर. इथे साधा एसडब्ल्यूआर मीटर फक्त ‘जास्त आहे’ एवढंच सांगतो, तेही ट्रान्समिट केल्यावर. व्हीएनए दिशा सांगतो. खड्डा खाली आहे, म्हणजे तार लांब आहे, आणि किती लांब ते त्रैराशिकाने निघतं. दोन्ही बाजू १०.०७ मीटरवर आणल्या तशी रेझोनन्स (अँटेना जिथे नैसर्गिकपणे चालतो ती फ्रिक्वेन्सी) ७.१ वर येऊन बसली. तिथे रेझिस्टन्स ४० ओहम, रिॲक्टन्स (पॉवर परत ढकलणारा रोधाचा भाग) जवळपास शून्य, एसडब्ल्यूआर १.२५. मोकळ्या आकाशात डायपोल (मधोमध केबल जोडलेली सरळ तार) ७३ ओहम दाखवतो. इथे दोन्ही बाजू खाली उतरलेल्या आहेत आणि खाली सळयांनी भरलेला स्लॅब आहे, त्यामुळे आकडा घसरणारच. हे आकडे डोळ्यांनी पाहिल्यावर मॅचिंगसाठी, म्हणजे अँटेना केबलच्या ५० ओहमशी जुळवण्यासाठी, काहीही जोडायची गरज नाही हे कळलं. रिॲक्टन्स शून्य असताना ४० चे ५० करण्यासाठी आटापिटा करण्यात अर्थ नाही. १.२५ ला परत येणारी पॉवर जेमतेम सव्वा टक्का असते.

२ मीटरच्या व्हर्टिकलवर मॅचिंग म्हणजे काय ते हाताला कळतं. एसओ-२३९ चेसिस कनेक्टर, ४९ सेंटीमीटरचा पितळी दांडा आणि खाली चार रेडियल, म्हणजे जमिनीचं काम करणारे दांडे. रेडियल आडवे असताना स्मिथ चार्टवर (इम्पीडन्स म्हणजे एकूण रोध दाखवणारा गोल आलेख, मध्य म्हणजे ५० ओहम) मार्कर मध्याच्या डावीकडे, ३६ ओहमच्या जवळ. एकेक रेडियल हाताने खाली वाकवत गेलो आणि मार्कर मध्याकडे सरकताना दिसला. ४५ अंशांवर तो जवळजवळ केंद्रात. फिलिप स्मिथने हा चार्ट १९३९ साली छापला तेव्हा माणसं एकेक बिंदू मोजून कागदावर मांडत असत. इथे रेडियल वाकवला की पुढच्या स्वीपला बिंदू हलतो. एएसओसी, म्हणजे हॅम परवान्यासाठीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा, पुस्तकातला इम्पीडन्सचा धडा एका दुपारी डोक्यात बसतो.

आणखी एक चाचणी, जी मी आता प्रत्येक अँटेनावर करतो. ट्रेस स्थिर झाला की कोॲक्स (अँटेनाची केबल) मुठीत धरायची आणि हात पुढेमागे सरकवायचा. ट्रेस हलला तर केबलची बाहेरची शील्डही अँटेनाचं काम करतेय. माझ्या इन्व्हर्टेड व्हीवर तो चांगलाच हलत होता. लॅपटॉपची यूएसबी वायर व्हीएनएला जोडली की खड्डा आणखी वेगळ्या जागी. फीडपॉइंटला (जिथे केबल अँटेनाला जोडते तिथे) फेराइट रिंगवर कोॲक्सचे वेढे देऊन चोक बसवल्यावर हात लावा, लॅपटॉप जोडा, ट्रेस ढिम्म. मगच तारेची लांबी पक्की केली. चोक नसताना कापलेली तार केबलसकट ट्यून झालेली असते.

हे यंत्र का घ्यावं, याचं माझं खरं उत्तर मात्र नेरूळला मिळालं. तिथे एक ज्येष्ठ हॅम राहतात, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. खाडीकडे तोंड असलेली इमारत, गच्चीवर २ मीटरचा व्हर्टिकल, खाली २० मीटर आरजी-५८ (बारीक कोॲक्स). रेडिओच्या मीटरवर एसडब्ल्यूआर १.५, आणि तरी वाशीच्या पलीकडे कोणी ऐकेना. काकांचा संशय रेडिओवर होता. मी १३० ते १६० मेगाहर्ट्झ स्वीप लावला आणि खड्डाच दिसेना. सगळीकडे दीड-पावणेदोनच्या आसपास सपाट रेघ. खऱ्या अँटेनाला कुठेतरी खड्डा असतोच. सपाट रेघ म्हणजे पॉवर वाटेतच जिरतेय. मग वर जाऊन अँटेना काढून ठेवला, केबलचं टोक उघडं सोडलं, आणि खाली येऊन पाहिलं तर आकडा जवळपास तोच. रिटर्न लॉस (पाठवलेला सिग्नल परत येताना किती घटला ते) १४ डीबी. उघड्या टोकावरून सगळी पॉवर परत येते, तेव्हा १४ च्या निम्मे ७ डीबी हा त्या केबलचा एका दिशेचा लॉस. चांगल्या आरजी-५८ ला १४५ मेगाहर्ट्झवर २० मीटरमध्ये चारेक डीबी व्हायला हवा. ७ डीबी म्हणजे शंभरातले वीसच वॉट वर पोचतात. वरच्या कनेक्टरपासून हातभर केबल सोलली तर आतली जाळी काळीहिरवी पडलेली, बोटाने चोळली की भुकटी व्हायची. टेप उघडा पडून दोन-तीन पावसाळ्यांचं पाणी आणि खाडीची खारी हवा आत मुरली होती. अँटेनाचा सांधाही तुटलेला निघाला, पण खराब केबलने तेही झाकून टाकलं होतं. आरजी-२१३ (जाड कोॲक्स) टाकली, लॉस दोन डीबीच्या आत आला, सांधा नव्याने जोडला, आणि १४५ वर छान खोल खड्डा उभा राहिला. काकांनी त्याच संध्याकाळी ठाण्याला माझ्याशी बोलून रिपोर्ट घेतला. फाइव्ह नाइन, म्हणजे आवाज स्पष्ट आणि सिग्नल जोरदार.

केबलमधला दोष नेमका कुठे आहे तेही हे यंत्र सांगतं. ट्रान्सफॉर्म मेन्यूत लो पास इम्पल्स निवडायचं, व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला सिग्नलचा वेग प्रकाशाच्या किती पट) आरजी-५८ सारख्या केबलला ०.६६ द्यायचा. ४०१ पॉइंट (मापाचे बिंदू) आणि ३०० मेगाहर्ट्झचा स्पॅन (स्वीपची रुंदी) ठेवला की शंभर मीटरच्या पुढेही आरामात दिसतं. मात्र पॉइंट १०१ वर राहिले आणि स्पॅन ९०० केला तर ११ मीटरच्या पुढचं सगळं चुकीच्या जागी दिसेल. माझ्या डक्टमधून जाणाऱ्या केबलमध्ये मध्येच एक टोचा खाली गेलेला दिसत होता, म्हणजे तिथे इम्पीडन्स कमी. अंतर मोजून पाहिलं तर डिशची वायर ओढणाऱ्यांनी त्याच क्लॅम्पखाली माझी केबल आवळून चेपली होती.

तक्रारी आहेत, आणि त्या गंभीर आहेत. यंत्रावरचे एसएमए कनेक्टर (छोटे स्क्रूचे) नाजूक आहेत. जाड कोॲक्सचं वजन त्यांच्यावर पडू देऊ नका, आणि घट्ट करताना फक्त नट फिरवा, केबल नाही. दुपारच्या उन्हात स्क्रीन जवळजवळ दिसत नाही, मी सकाळी सातच्या आत काम उरकतो. सोबत आलेला लोड मल्टिमीटरवर तपासून घ्या, तो ५० ओहम नसेल तर पुढचं कुठलंच माप खरं नाही. लांब तार लावल्यावर ४० मीटरच्या ट्रेसवर कधी कधी थरथर दिसते. आकाशवाणीच्या ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झच्या ताकदवान सिग्नलांचा अशा तारेवर किती भार येत असेल, ते यंत्राचा लहान जीव बघता लक्षात येतं. अशा वेळी स्वीप दोन-तीनदा घेऊन ताडून बघतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. लांब तारेवर स्टॅटिक चार्ज साठतो, विशेषतः पावसाआधीच्या कोरड्या वाऱ्यात. व्हीएनए जोडण्याआधी कोॲक्सचा मधला पिन आणि शील्ड एकमेकांना टेकवून तो उतरवा. शेजारच्या अँटेनावर कोणी ट्रान्समिट करत असताना हे यंत्र जोडू नका. याचा स्वतःचा सिग्नल एक मिलिवॉटहून कमी असतो, समोरून पाच वॉट आले तर आतला रिसीव्हर कायमचा जाईल. ढग गडगडायला लागले तर गच्चीवरून सरळ खाली या.

घेणारच असाल तर यंत्रासोबत दोन एसएमए सेव्हर (यंत्राचा कनेक्टर झिजू नये म्हणून लावायचे जोड), एसएमए ते एसओ-२३९ चा एक चांगला ॲडॅप्टर आणि सेल्फ अमाल्गमेटिंग टेपचा (स्वतःलाच चिकटून पाणी अडवणारा) एक रोल घ्या. मला हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळालं. ॲडॅप्टर दुकानातच मल्टिमीटरने तपासा, पिन हलवून बघा, आणि त्यात पैसे वाचवू नका.