अंड्याचा प्रचार: लाइव्ह डेमो की रेसिपी कार्ड?

एनईसीसी (राष्ट्रीय अंडी समन्वय समिती) १९८२ पासून अंड्याचा प्रचार करतेय, ‘संडे हो या मंडे’ तर सगळ्यांना पाठ आहे, पण घरी करणं वेगळी गोष्ट. ज्या घरात अंडं कधी शिजलंच नाही तिथे नुसतं कार्ड वाचून काय कळणार, मंद आच म्हणजे किती, भुर्जी कोरडी व्हायच्या आत कधी उतरवायची, हे डोळ्यांनीच बघावं लागतं आणि समोर गरम घास मिळाला की वासाची धास्ती पण जाते. डेमोला गॅस, माणूस, वेळ लागतो हे खरं. कार्ड स्वस्त, फ्रिजवर चिकटवता येतं, उकडायला १०-१२ मिनिटं वगैरे आकड्यांसाठी बेस्ट. तरी बचत गटात मी आधी डेमोच ठेवेन, कार्ड जाताना हातात द्यायचं, तेही ३-४ सोप्या रेसिपींचंच.