लीग पास : एका मॅक्सीसाठी घेतला, अजून चालूच आहे

आधीच सांगतो, मी अख्खी एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) बघणारा माणूस नाही. लीग पास (तिच्या मॅच नेटवर बघायची पैसे भरून मिळणारी सोय) घेतला तो फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सच्या (म्हणजे सिक्सर्सच्या) टायरीस मॅक्सीसाठी, तोही २०२१ च्या दिवाळीत (त्या वर्षी लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होतं आणि त्याच दिवशी हा पोरगा २१ वर्षांचा झाला, हे नंतर कळलं). घरी लगेच विचारणा, हायलाइट्स यूट्यूबवर फुकट दिसतात ना, मग पैसे कशाला घालवतोस? प्रश्न चुकीचा नव्हता, मला उत्तर द्यायला दोन सीझन लागले एवढंच.

मॅक्सी केंटकी युनिव्हर्सिटीकडून एकच वर्ष खेळला, तिथे त्याचे थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) ३० टक्केसुद्धा पडत नव्हते, आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा) तो २१ व्या नंबरला गेला. पहिल्या सीझनला अ‍ॅव्हरेज ८ पॉइंट. मधे कोविडमुळे सिक्सर्सकडे खेळायला फक्त सात जण उरले तेव्हा डेन्व्हरविरुद्ध ३९ मारले, ते हायलाइट्स सगळ्यांनी बघितले, मीही त्यातूनच अडकलो. पण पुढच्या सीझनला टीमचा पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून खेळ रचणारा) बेन सिमन्स खेळायला आलाच नाही, बॉल या पोराच्या हातात आला, नंतर फेब्रुवारीत बॉल स्वतःकडे ठेवणारा स्टार जेम्स हार्डन आला आणि बॉल परत हातातून गेला. आता इथे काय झालं ते हायलाइट्समध्ये सापडतच नाही. त्यासाठी पूर्ण मॅच लावायची आणि बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघायचं. कॉर्नरला उभा आहे, गुडघे वाकलेले, हात तयार, पास दहादा येत नाही तरी अकराव्यांदा तसाच तयार. पहिल्या सीझनला थ्री ३० टक्के होते, त्या सीझनला ४२.७ झाले. मला वाटतं निम्मं काम त्या उभं राहण्यातच झालं.

म्हणून लीग पासमधली माझ्या कामाची गोष्ट म्हणजे पूर्ण मॅचचा रिप्ले. लाइव्ह मॅच आपल्याकडे थंडीत पहाटे साडेपाचला, त्यांचं घड्याळ पुढे गेलं की साडेचारला, नोकरी असलेल्या माणसाला रोज जमणार नाही. स्कोअर लपवायचं सेटिंग आहे ते पहिल्या दिवशीच चालू करा, आणि मग ऑफिसमधल्या त्या एका मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर म्यूट करा, कारण त्याच्यावर सेटिंग चालत नाही. कॉमेंट्री घरच्या टीमची की पाहुण्यांची हे निवडता येतं, मी सिक्सर्सची केट स्कॉट लावतो, तिचा आवाज ऐकला की चहा ठेवायची वेळ झाली असं वाटतं. नेटने मात्र खूप छळलंय, आमच्या बिल्डिंगचा नेटवाला बरोबर चौथ्या क्वार्टरला झोपतो. कंपनीचं नाव घेत नाही.

दहा मिनिटांत मॅच दाखवतात तो प्रकारही आहे. निकाल कळायला बेस्ट, गार्ड कळायला बेकार. २०२३ मध्ये हार्डन गेला आणि मॅक्सी २५.९ पॉइंट आणि ६.२ असिस्टवर (ज्या पासवर बास्केट होते तो) गेला, ऑल-स्टार झाला, मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेअरसुद्धा झाला, पण मला भारी वाटतो तो आकडा वेगळाच आहे, इतका बॉल हातात असून मॅचला टर्नओव्हर (बॉल समोरच्यांना गमावणं) फक्त १.७. हे कसं, तर टीमचा उंच सेंटर एम्बीड याच्या स्क्रीनवरून (तो डिफेंडरची वाट अडवून उभा राहतो) निघाल्यावर तो आता ब्रेक मारतो, डिफेंडरला पाठीवर घेऊन एक-दोन ड्रिबल थांबतो, समोरचा मोठा माणूस गोंधळला की मग फ्लोटर (हलका उंच शॉट) किंवा पास. आधी नुसता सुसाट पळायचा. छोट्या मॅचमध्ये नेमका हा थांबायचा भागच कापलेला असतो. माझा भाचा शाळेच्या टीमला पॉइंट गार्ड आहे, त्याला हेच रिप्ले मागेपुढे करून दाखवतो, तो म्हणतो मामा हा हळू का पळतोय?

लाइव्ह बघायच्या मॅच मी वर्षाला चार-पाचच ठेवतो. २०२३ च्या लक्ष्मीपूजनानंतरची पहाट, अख्खं घर फटाक्यांनी दमून झोपलेलं आणि याने पेसर्सविरुद्ध ५० मारले, मला ओरडताही येईना. आणि २०२४ चा १ मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्यामुळे बिनधास्त उठलो, न्यूयॉर्कला निक्सविरुद्ध प्लेऑफमधून (बाद फेरीतून) सिक्सर्स बाहेर पडायच्या बेतात होते आणि या माणसाने शेवटच्या अर्ध्या मिनिटात सात पॉइंट काढून मॅच ओव्हरटाइमला नेली, एकूण ४६, जिंकले. पुढची मॅच हरून बाहेर गेलेच, ते सोडा.

२०२४-२५ ला पास बंद करणार होतो. टीम २४ जिंकली, ५८ हरली, एम्बीड १९ मॅच खेळला, मॅक्सीचे थ्री ३३.७ टक्क्यांवर घसरले आणि तोही ५२ मॅचनंतर दुखापतीने घरी. पण दोन-दोन माणसं अंगावर येताना तो बॉल कधी सोडतो (माझ्या मते अजून अर्धा सेकंद उशिरा सोडतो) हे त्याच रटाळ मॅचमध्ये नीट दिसलं. डिफेन्सला सहा फूट दोन इंच उंची कमी पडते, तेही दिसलं.

तुम्हाला डंक आणि निकाल हवे असतील तर पैसे वाचवा, यूट्यूब पुरे. एकाच खेळाडूच्या मागे लागायचं असेल तर घ्या, सगळी लीग नाही बघितली तरी वसूल होतात. मी या वर्षीही रिन्यू केलाय, आणि पासवर्ड भाच्याने घेतलाय, त्यामुळे रविवारी टीव्ही मला मिळत नाही.