जर्बिलच्या आंघोळीची वाळू : पहिली पिशवी एक स्टार, दुसरी चार

आधी सांगते, आम्ही इंग्लंडात राहतो, रेडिंगला, आणि लेकीकडे दोन जर्बिल आहेत, तीळ आणि काजळ, सख्ख्या बहिणी. जर्बिल म्हणजे मंगोलियाकडचा वाळवंटी उंदीर, शेपटीला केस आणि टोकाला झुपका, आणि हॅमस्टरसारखा दिवसभर ढाराढूर झोपत नाही. लेकीला यंदा दोघींना शोमध्ये बसवायचं होतं, इथे असे छोट्या प्राण्यांचे शो हॉल भाड्याने घेऊन होतात, उंदीर हॅमस्टर जर्बिल सगळे. तर त्या तयारीसाठी मी ऑनलाइन वाळू मागवली, त्याचा हा रिव्ह्यू.

यांना पाण्याने आंघोळ घालायची नसते हं. नवरा बेबी शाम्पू घेऊन आलाच होता, त्याला दारातूनच परत पाठवला. पाण्याने अंगावरचं तेल जातं, थंडी भरते. यांच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिचा लालसर स्राव नाकाशी येतो आणि ही मंडळी तोंड पुसता पुसता तो थुंकीबरोबर अंगभर फासतात. तो वेळेवर निघाला नाही की केस चिकट होतात, नाकाशी जखमसुद्धा होते. वाळूत लोळलं की निघतो.

पहिली पिशवी आली, चिंचिलासाठी (हाही असाच एक पाळीव प्राणी, जर्बिलपेक्षा मोठा) असं लिहिलेली, उघडली तर वाळू कुठली, टाल्कम पावडर! चिंचिलाची लव इतकी दाट की त्याला तसलं बारीक लागतं, पण जर्बिलला ते नाकातोंडात जातं. तीळ लोळली आणि पाठोपाठ शिंका, टाकीच्या काचेवर पांढरा थर, माझ्या स्वेटरवरही. दुकानाला लिहिलं तर म्हणे फोडलेली पिशवी परत घेत नाही. अहो न फोडता कळणार कसं?

दुसरी दुसऱ्या कंपनीची घेतली, साडेसहा पौंड, थोडी महाग, पण दाणा सुटा, नदीच्या वाळूसारखा. आता मी आधी चिमूटभर काचेच्या बरणीत वरून सोडून बघते, धूर उठला तर नको. आणि थोडी वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाकायचं, फसफसलं तर कॅल्शियमवाली आहे, सरड्यांसाठी विकतात ती, ओली झाली की गोळा होते, तीही नको. ही दोन्हीत पास. वापरून झाली की पिठाच्या चाळणीने चाळते आणि ओव्हनमध्ये भाजून गार करून परत घालते. चाळणी आता त्यांचीच, सासूबाईंना सांगू नका.

एक स्टार कापलाय तो वाळूपेक्षा त्या जाहिरातीसाठी. 'आठवड्यात चमकदार लव' म्हणे. आठवडा झाला, दहा दिवस झाले, तिळीचे केस उभेच, तेल चोपडल्यासारखे. मी वाळूलाच शिव्या घालत होते. मग दमटपणा मोजायचं यंत्र लावलं तर खोलीत 68 टक्के! नोव्हेंबर महिना, कपडे घरातच वाळत घातलेले, आणि टाकी बरोब्बर त्या स्टँडखाली. 50 च्या वर गेलं की यांचे केस असेच होतात. टाकी दुसऱ्या खोलीत नेली, चार दिवसांत तीच तीळ मऊ मखमल. म्हणजे वाळू चांगली आहे पण तुमच्या ओल्या चादरींवर तिच्याकडे उपाय नाही.

शोच्या दिवशी पारदर्शक प्लॅस्टिकच्या टाक्या, खाली लाकडाचा भुसा, पाण्याऐवजी काकडीची चकती. उचलताना शेपटीला हात नाही, जोरात धरली तर कातडी सुटून हातात येते, हे मी लेकीला इतक्यांदा सांगितलं की ती वैतागली. जजबाईंनी तिळीला हातावर घेऊन पाठीवर फुंकर मारली. आतून राखाडी, मध्ये सोनेरी, टोकाला काळं, गोल्डन अगूटी, म्हणजे तिळीचा तो सोनेरी रंग, त्याला असंच लागतं. लव स्वच्छ म्हणाल्या, तिसरा नंबर (वर्गात पाचच होत्या, ते जाऊ दे).

काजळ मात्र मागे राहिली. पूर्ण काळी हवी आणि हिच्या हनुवटीखाली पांढरा ठिपका. आपण बाळाला काळी तीट लावतो, हिला देवाने उलटी पांढरी लावून पाठवलंय, ती कुठल्या वाळूने जाणार? पुढच्या वेळी पेट क्लासमध्ये बसवणार, तिथे रंग बघत नाहीत, तब्येत आणि माणसाळलेपणा बघतात, आणि ही तर हातावर बसून बी सोलते.

दोघी त्या दिवसापुरत्याच वेगळ्या ठेवल्या होत्या, कारण जास्त दिवस वेगळ्या ठेवल्या तर एकमेकींना परक्या समजून मारामाऱ्या करतात. संध्याकाळी एकत्र सोडल्या, हुंगलं, आणि दोघी एकदम वाळूच्या भांड्यात, जागेवरून ढकलाढकली.

दुसरी पिशवी दोन जर्बिलना तीन महिने आरामात पुरते, चाळून वापरली तर. पहिलीचं उरलेलं शेडमध्ये पडून आहे, रेडिंगमध्ये कोणाकडे चिंचिला असेल तर फुकट घेऊन जा.